मॉडरेट म्हणजे मवाळ का?

अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारले आहे: अमेरिकेतल्या बातमीत ‘मॉडरेट’ उमेदवार आला तर ‘मवाळ’ लिहावे का? तिचा मथळा असा आहे: ‘राज्यपालपदाच्या प्राथमिक निवडणुकीत मवाळ उमेदवाराची दमछाक.’

मवाळ लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. मवाळ हे मऊचे भावंड. आवाज मवाळ होतो, तणतणत आलेला माणूस घोटभर चहा पोटात गेला की मवाळतो. राजकारणात हा शब्द रुळला तो जहालच्या जोडीने. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हा टिळक आणि गोखले यांच्या गटांत मुख्य वाद होता सरकारशी किती कडक वागायचे याचा.

आता रिचर्ड रिअर्डन घ्या. आठ वर्षे लॉस एंजेलिसचे महापौर राहिलेले हे गृहस्थ २००२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागत होते. गर्भपाताचा हक्क त्यांना मान्य, बंदुकांवर निर्बंधही मान्य. यात मऊपणा कुठला? भूमिका दोन टोकांच्या मधली, एवढेच. तेच नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत आपल्याला जड जातील हे ओळखून डेमोक्रॅटिक गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी दुसऱ्या पक्षाच्या त्या घरच्या लढतीत सुमारे १ कोटी डॉलर जाहिरातींवर ओतले आणि रिअर्डन यांची गर्भपाताविरुद्धची जुनी विधाने उकरून काढली. मार्चमध्ये परंपरावादी बिल सायमन यांनी रिअर्डन यांना हरवले, नोव्हेंबरात डेव्हिस यांनी सायमन यांना. इथे ‘मवाळ’ लिहिले तर वाचक समजेल की गडी नरमाईने लढला म्हणून पडला. म्हणून ‘मध्यममार्गी’. ‘नेमस्त’ हा जुना शब्द मला फार प्रिय आहे, अग्रलेखात तो जरूर यावा. मथळ्यात मात्र आजचा वाचक अडखळेल.

‘राज्यपाल’ तर नकोच. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. तिथला गव्हर्नर लोक निवडून देतात आणि आपल्या मुख्यमंत्र्यासारखा तोच राज्याचा कारभार हाकतो.

राहिली ‘प्राथमिक निवडणूक’. प्राथमिक म्हटले की आपल्याला शाळा आठवते. आपल्याकडे तिकीट वरून येते, एबी फॉर्म हातात पडेपर्यंत इच्छुकांचा जीव टांगणीला. तिथे तिकीट कुणाला द्यायचे हे मतदारच मत देऊन ठरवतात. तेव्हा बातमीत एकदा ‘पक्षाच्या उमेदवारीसाठीची निवडणूक, म्हणजे प्रायमरी’ असे उलगडून सांगावे आणि पुढे बिनदिक्कत प्रायमरी लिहावे.

मथळा मी असा करीन: ‘गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत मध्यममार्गी उमेदवाराची दमछाक.’ दमछाक तिची तशीच ठेवली आहे, तो शब्द तिने नेमका निवडला आहे.