डाव कुणाचा, जामीन कोण?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

निबंध दोनदा वाचला. मेहनत दिसते, आणि २००८चं अमेरिकी बँकांचं संकट सरकारने ओढवलं हे ठासून सांगायची हिंमतही दिसते. आकडेही बहुतेक बरोबर आहेत. तरी मी तो तसाच पुढे पाठवू देणार नाही. तुझ्या विरुद्ध बाजूने लिहिणारा कुणीही याच घटना घेऊन बरोबर उलटा निकाल लावू शकेल, आणि तुझ्याकडे त्याला उत्तर नसेल.

अमेरिकी सरकारने या संकटाच्या तपासासाठी दहा जणांचा आयोग नेमला होता. २०११च्या जानेवारीत त्याचा अहवाल आला तेव्हा सहा जणांचं एक मत, तिघांचं वेगळं आणि उरलेल्या एकाचं तिसरंच. साक्षी, कागदपत्रं सगळ्यांसमोर तीच होती. शेवटच्या त्या एकट्याने सारं खापर सरकारच्या गृहनिर्माण धोरणावर फोडलं. तू जवळपास त्याचंच म्हणणं मांडलं आहेस.

तुझे तीन मुद्दे: गरीब वस्त्यांमध्ये कर्ज द्यायला लावणारा १९७७चा कायदा, सरकारी आशीर्वादावर वाढलेल्या, बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या कंपन्या, आणि २००३-०४मध्ये १ टक्क्यावर ठेवलेला फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर. तिन्ही खऱ्या गोष्टी आहेत. पण तू त्या एकाच गाठोड्यात बांधल्यास आणि तिथेच गडबड झाली. आयर्लंड आणि स्पेन बघ. तिथे ना फॅनी मे, ना १९७७चा कायदा. तरी घरांच्या किमती गगनाला भिडल्या आणि बँका बुडाल्या. अमेरिकेतसुद्धा चढ्या व्याजाच्या जोखमीच्या गृहकर्जांपैकी जेमतेम ६ टक्के कर्जांचा त्या कायद्याशी काही संबंध होता, असं आयोगाला आढळलं. बाकीची बरीचशी दिली ती त्या कायद्याच्या कक्षेतच न येणाऱ्या कंपन्यांनी. तेव्हा हा मुद्दा गाळ.

व्याजदराचा मुद्दा मात्र टिकतो, उलट आणखी भक्कम होतो. आयर्लंड आणि स्पेनसाठी व्याजदर ठरत होता फ्रँकफर्टला, युरोपीय मध्यवर्ती बँकेत, सगळ्या युरो देशांना मिळून एकच. वेगाने धावणाऱ्या या दोन अर्थव्यवस्थांना तो फारच स्वस्त पडत होता. फॅनी-फ्रेडीचं प्रकरण या दोन मुद्द्यांच्या मधलं. त्यांनी आग लावली नाही, पण सरकार पाठीशी आहे या समजुतीवर स्वस्तात पैसा उचलून तेल भरपूर ओतलं. त्याची किंमतही अखेर सरकारनेच मोजली.

आता समोरच्या गटाची, म्हणजे बाजार मोकळा सोडल्याने संकट आलं म्हणणाऱ्यांची, लाडकी गोष्ट. १९३३च्या कायद्याने ठेवींची बँकिंग आणि रोख्यांचा धंदा वेगळे केले होते, १९९९मध्ये ती भिंत पाडली, म्हणून २००८ झालं. ऐकायला छान. पण बेअर स्टर्न्स आणि लेहमन ब्रदर्स पाडापाडीनंतरही भिंतीच्या एकाच बाजूला होत्या, नुसत्या गुंतवणूक बँका. वॉशिंग्टन म्युच्युअल दुसऱ्या बाजूला होती, ठेवी घेऊन घरकर्जं देणारी. भिंत शाबूत असती तरी या तिन्ही कोसळल्या असत्या. नियंत्रण काढल्यामुळे काय बिघडलं हे दाखवायचंच असेल, तर २०००चा कायदा उचलावा. त्याने डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर बेतलेल्या करारांचा, मोठा हिस्सा देखरेखीबाहेर ठेवला. एआयजी या विमा कंपनीने अशाच करारांतून कर्जरोखे बुडण्याविरुद्ध हमी विकली, हप्ते गोळा केले आणि देणं द्यायची वेळ आली तर म्हणून पुरेसा पैसा बाजूला ठेवलाच नाही. १६ सप्टेंबर २००८ला फेडरल रिझर्व्हला तिच्यासाठी ८५ अब्ज डॉलर काढावे लागले.

इथवर झालं ते दोन्ही बाजूंचं रद्दीकाम. आता खरी गंमत जिथे आहे तिथे ये. ती कुठल्याही घोषणेत सापडत नाही, भांडवलाच्या नियमांत सापडते. ते वाचायला कंटाळवाणे असतात, म्हणूनच बहुतेक जण वाचत नाहीत.

१९८८च्या बासेल करारानुसार, म्हणजे बँकांच्या भांडवलाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, बँकेने दिलेल्या कर्जामागे ८ टक्के स्वतःचं भांडवल ठेवायचं. गृहकर्ज सुरक्षित मानलेलं, म्हणून या हिशेबात त्याचं वजन निम्मं, रक्कम निम्मीच धरायची. म्हणजे १०० डॉलरच्या गृहकर्जामागे ४ डॉलर. २००१मध्ये अमेरिकी नियामकांनी ठरवलं की पतमानांकन संस्थांनी वरच्या दोन श्रेणींत बसवलेल्या रोख्यांचं वजन फक्त २० टक्के धरायचं. आता हिशेब कर. बँकेने गृहकर्ज स्वतःकडे ठेवलं तर ४ डॉलर अडकतात. तेच कर्ज विकून, इतर कर्जांसोबत एकत्र करून त्याचे रोखे बनून, त्यातला सर्वोच्च मानांकनाचा तुकडा तिनेच विकत घेतला तर १ डॉलर ६० सेंट. घर तेच, कर्जदार तोच, हप्ताही तोच. फरक फक्त वरच्या शिक्क्याचा.

आणि शिक्का मारणारे कोण? खासगी कंपन्या, ज्यांना फी रोखे विकणाराच देतो. पण त्यांच्या शिक्क्याला वजन कशामुळे? १९७५पासून अमेरिकी रोखे नियामकाने मोजक्या संस्थांना मान्यता देऊन त्यांचं मानांकन नियमांतच गुंफलं, म्हणून. गिऱ्हाईक खूश ठेवायचं आणि सरकारी मान्यताही मिरवायची, असा तो दुहेरी धंदा. मूडीजने २००६मध्ये ज्या गृहकर्ज रोख्यांना सर्वोच्च मानांकन दिलं, त्यांतल्या ८३ टक्क्यांचं मानांकन पुढे खाली आणावं लागलं.

आता सांग, हा दोष सरकारचा की बाजाराचा? नियम सरकारी, पण कुणी बँकेला ते रोखे घ्यायला लावले नव्हते. मोह खासगी, पण त्याची वाट नियमानेच आखली होती. तुझ्या निबंधात या प्रकाराला एक ओळही नाही, आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतो.

अजून एक प्रकरण तू तळटीपेत ढकललंस, ते वर आण: १९८०च्या दशकातल्या सेव्हिंग्ज अँड लोन संस्था. यांचं काम लोकांकडून अल्प मुदतीच्या ठेवी घ्यायच्या आणि तीस वर्षांची ठराविक व्याजाची घरकर्जं द्यायची. महागाई मोडायला फेडरल रिझर्व्हचा तेव्हाचा प्रमुख पॉल व्होल्कर याने व्याजदर चढवले, १९८१मध्ये ते २० टक्क्यांच्या आसपास पोचले, आणि जुन्या कर्जांवर येणाऱ्या किरकोळ व्याजातून ठेवीदारांना द्यायचं व्याज निघेना. शेकडो संस्था कागदावर नाही तरी प्रत्यक्षात बुडालेल्याच होत्या. त्या तेव्हाच बंद करायच्या तर ठेवी भरून देणाऱ्या सरकारी विमा निधीत पैसा नव्हता आणि राजकारण्यांत धमक नव्हती. मग केलं काय? १९८०मध्येच ठेव विम्याची मर्यादा ४० हजार डॉलरवरून एक लाखावर नेलेली होती, त्यात १९८२च्या कायद्याने या संस्थांना व्यापारी इमारती, जमिनी अशा नव्या धंद्यांचं रान मोकळं केलं.

त्या संस्थेच्या मालकाच्या खुर्चीत बसून बघ. तुझं स्वतःचं भांडवल आधीच शून्य. सरळ चाललास तर बुडणार हे नक्की. मोठा डाव लावला आणि लागला तर तू तरलास, फसला तर भुर्दंड विमा निधीचा. दलाल एक-एक लाखाच्या ठेवी घेऊन दारात उभे, कारण ठेवीदाराला संस्था बरी की वाईट हे तपासायची गरजच उरलेली नाही. त्याने फक्त व्याज कुठे जास्त तेवढं बघायचं. १९८६ ते १९९५ या काळात अशा १,०४३ संस्था बंद झाल्या आणि अमेरिकी करदात्यांच्या खिशातून सुमारे १२४ अब्ज डॉलर गेले. नियंत्रणमुक्तीचे विरोधक म्हणतात, बघा, मोकळीक दिली आणि काय झालं. समर्थक म्हणतात, बघा, सरकारी हमीने काय झालं. माझं मत स्पष्ट आहे: मोकळीक एकटी असती तर ठेवीदारांनी वाईट संस्था कधीच ओस पाडल्या असत्या, हमी एकटी असती तर डाव लावायला जागा नसती. लगाम काढला आणि जामीन मात्र तसाच ठेवला, उलट वाढवला. अशा जोडीला मी सगळ्यात जास्त भितो.

म्हणून प्रत्येक संकटाला आधी हे विचार: डाव कुणी लावला, फसला तर कुणाचं नुकसान होणार होतं, आणि लावणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक होतं का. नियम किती होते याची मोजदाद नंतर कर. या प्रश्नांनी लेहमनचंही कोडं थोडं सुटतं. मार्चमध्ये बेअर स्टर्न्सला फेडरल रिझर्व्हच्या मदतीने वाचवलं, सप्टेंबरमध्ये लेहमनला बुडू दिलं. जामीन आहे की नाही हेच कुणाला कळेना, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळेच एकमेकांना उधार द्यायला घाबरू लागले.

कॅनडाचा दाखला तू विजयाच्या थाटात दिला आहेस. १९३० ते १९३३मध्ये अमेरिकेत नऊ हजारांवर बँका बुडाल्या, कॅनडात एकही नाही, आणि कॅनडाकडे १९३५पर्यंत मध्यवर्ती बँकच नव्हती, ठेव विमा तर १९६७मध्ये आला. दाखला जोरदार आहे, ठेव. पण पुढचं अर्धं वाक्यही लिही. कॅनडात देशभर शाखा असलेल्या मूठभर मोठ्या बँका होत्या, नव्याला आत शिरणं सोपं नव्हतं आणि परवाना सरकार देत असे. अमेरिकेत अनेक राज्यांच्या कायद्यांनी शाखा उघडायलाच बंदी घातली होती, म्हणून गावच्या बँकेचं नशीब गावच्या पिकाला बांधलेलं. म्हणजे अमेरिकेत सरकारी नियमाने बँका दुबळ्या केल्या हे तुझ्या बाजूचं, आणि कॅनडात सरकारनेच स्पर्धा आवळून त्या दणकट केल्या हे समोरच्याच्या बाजूचं. शिवाय बँका शाबूत राहूनही महामंदीने कॅनडाला सोडलं नाही, हेही लपवू नकोस.

(आणि ‘शुद्ध मुक्त बाजार’ हा शब्दप्रयोग जपून वापर. १७२०मध्ये जिच्या शेअरचा फुगा फुटला ती साउथ सी कंपनी हा मोकळ्या बाजाराला दोष देणाऱ्यांचा आवडता दाखला. तिचा मुख्य उद्योग ब्रिटिश सरकारचं कर्ज स्वतःकडे घेऊन त्या बदल्यात शेअर देणं हा होता.)

सरकार नसतं तर संकटं आली नसती, असं तुला वाटतं ते मला पटत नाही. किमती चढत असल्या की लोक उधारीवर विकत घेतात आणि सावकार दिलदार होतात, त्याला कायदा लागत नाही. पण फुगा किती फुगेल आणि बिल कुणाच्या नावावर फाटेल, हे बहुतेक वेळा कायद्यात आधीच लिहिलेलं असतं. तुला हे खोडायचं असेल तर खोड, मला आनंदच होईल, फक्त अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेपासून सुरुवात कर. तिच्याकडचे सरकारी रोखे नियमांच्या लेखी जवळपास बिनधोक होते. व्याजदर चढले तशी त्यांची किंमत घसरली, आणि २०२३च्या मार्चमध्ये ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून नेले. त्यांतल्या बहुतेकांच्या ठेवी विम्याच्या मर्यादेबाहेर होत्या, तरी सरकारने शेवटी सगळ्या भरून दिल्या.

सेव्हिंग्ज अँड लोनचा भाग आधी नव्याने लिहून पाठव. शीर्षक सगळ्यात शेवटी ठरवू. आणि ‘निःसंशय’ हा शब्द निबंधात सात-आठदा आलाय, तो काढ.

तुझा,
सर