व्हीलचेअरवरच्या आईला घाटकोपरहून सीएसएमटीजवळच्या रुग्णालयात ट्रेनने, एकही पायरी न चढता नेता येईल का?

हो, नेता येईल. पण लोकलने नाही, मेट्रोने. मी स्वतः अकरा वर्षं व्हीलचेअर वापरते, म्हणून खुर्चीत बसणाऱ्याच्या बाजूने सांगते.

लोकलचा मोह तुम्हाला होणार, कारण घाटकोपरहून ती सरळ सीएसएमटीला जाते आणि तिथे उतरल्यावर जिनाही नाही. शेवटचं स्थानक असल्यामुळे फलाटाच्या टोकाला गेलं की सपाटीवरून बाहेर पडता येतं. अडचण आहे ती फलाट आणि डबा यांच्यामध्ये. २०१४ मध्ये तुमच्याच घाटकोपरला एका मुलीने त्या फटीत पडून दोन्ही हात गमावले. त्यानंतर मुंबईत फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला वेग आला, तरीही डबा फलाटापेक्षा उंचच राहतो आणि गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. आई आधार घेऊन दोन-चार पावलं टाकू शकत असतील, तर गर्दी नसलेल्या वेळी दिव्यांगांच्या डब्यात त्यांना आधी चढवून मागून घडी केलेली खुर्ची घेता येते. पावलं टाकता येत नसतील तर खुर्चीसकट उचलावं लागेल. ते करू नका.

उचलणारी माणसं चांगलीच असतात. एकदा एका स्थानकात लिफ्ट बंद होती तेव्हा चौघांनी मला खुर्चीसकट जिन्यावरून नेलं. खुर्ची मागे कलली, मला फक्त छताचा पंखा दिसत होता, आणि एकाने धरलेला फूटरेस्ट निसटून त्याच्या हातात आला. कुणालाही लागलं नाही. पण वर पोहोचेपर्यंत मी श्वास रोखून धरला होता आणि नंतर तासभर माझे हात थरथरत होते. कुणी उचलायला आलं तर त्याला आधी आईंनाच विचारू द्या, आणि त्या नको म्हणाल्या तर नकोच.

आता मार्ग. घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका. तिथे मेट्रो ३, म्हणजे भुयारी मेट्रो पकडायची. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे आणि सीएसएमटी वाटेतच येतं. नकाशावर हा वळसा वाटतो, पण मेट्रोचा डबा फलाटाच्या पातळीला असतो आणि आत व्हीलचेअरसाठी जागा राखलेली असते. मेट्रो ३ च्या फलाटावर तर काचेचे दरवाजेही आहेत, त्यामुळे रुळाकडे खुर्ची घसरण्याची भीती राहत नाही.

वेळ जातो तो मरोळ नाक्याला. मेट्रो १ पुलावर, मेट्रो ३ जमिनीखाली. मी रस्त्यावरून बदल करते: फलाटावरून तिकीट मजल्यावर, तिथून रस्त्यावर, मग पुन्हा तसंच दोन टप्प्यांत खाली. मोजून चार लिफ्ट. लिफ्ट प्रत्येक प्रवेशद्वाराला नसते, म्हणून गेटवरच्या कर्मचाऱ्याला विचारूनच निघा. रुंद गेट तोच उघडून देतो. या बदलासाठी अर्धा तास हाताशी ठेवा.

डब्यात शिरताना खुर्ची दाराला अगदी काटकोनात हवी. तिरकी गेली की पुढचं लहान चाक आडवं वळतं आणि बारीकशा फटीतही अडकतं. पुढची चाकं जराशी उचलून आत घ्या. उतरताना पाठीमागून उतरा, म्हणजे मोठी चाकं आधी फलाटावर येतात. आत गेल्यावर ब्रेक लावायचे, आणि आईंना आधी सांगायचं, "आता वळवतेय." सांगितल्याशिवाय खुर्ची वळवली की पोटात गोळा येतो.

खरी परीक्षा मात्र स्थानकाबाहेर असते. एका ठिकाणी लिफ्ट चालू, स्वच्छ, आत आवाजी सूचनासुद्धा. पण तिच्यासमोरच्या फूटपाथला उतारच नव्हता, आणि जिथे उतार होता तिथे मोटरसायकली चढू नयेत म्हणून लोखंडी खांब इतके जवळ रोवले होते की खुर्ची मधून जाईना. मला रिक्षांच्या मधून रस्त्यावरून यावं लागलं. उताराचं माप ठरलेलं आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचाच्या फूटपाथला सहा फूट उतार हवा. दुकानदार टाकतात त्या दोन फुटी फळीवरून खुर्ची ढकलू नका, ती मागे उलटते.

लिफ्ट बंद दिसली तर तोंडी सांगून निघून येऊ नका. फोटो, तारीख, वेळ घालून लेखी तक्रार द्या आणि तिचा क्रमांक मागून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही सोय हक्क म्हणून लिहिलेली आहे, तेव्हा विनंतीच्या सुरात लिहायची गरज नाही.

डॉक्टरांच्या तारखेच्या आधी एकदा आईंशिवाय जाऊन या, आणि सीएसएमटीच्या लिफ्टपासून रुग्णालयाच्या दारापर्यंत पायी चालून पाहा. रुग्णालय कोणतं ते इथे लिहिलंत, तर कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते मी सांगते.