मल्याळम कवी आणि समीक्षक अय्यप्प पणिक्कर कोण होते?

थोडक्यात सांगायचं तर मल्याळम कवितेत आधुनिकता रुजवणाऱ्यांतलं पहिलं नाव. जन्म 1930 चा, केरळच्या कुट्टनाड भागातल्या कावालम गावी. (नाटकवाल्यांना परिचित असलेले कावालम नारायण पणिक्कर याच गावचे.)

त्यांचं नाव गाजलं ते 1960 साली आलेल्या 'कुरुक्षेत्रम्' या दीर्घकवितेमुळे. सुरुवातीलाच गीतेतला 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे' येतो, पण पुढे दिसतं ते स्वातंत्र्यानंतरच्या माणसाचं तुटलेपण. गेय, भावुक कवितेला सरावलेल्या वाचकांना हे पचायला जड गेलं. मर्ढेकर वाचलेल्या मराठी माणसाला मात्र हा धक्का ओळखीचा वाटेल. इंग्रजी कवी टी. एस. एलियटची छायाही दोघांवर आहे.

पुढे त्यांनी तिरकस 'कार्टून कविता'ही लिहिल्या. मला तर हे पणिक्कर जास्त आवडतात.

पोटापाण्याचा व्यवसाय इंग्रजीच्या प्राध्यापकाचा. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून पीएचडी, नंतर केरळ विद्यापीठात इंग्रजी विभागाचं प्रमुखपद. 'केरळ कविता' हे नियतकालिक चालवून त्यांनी नव्या कवींना जागा दिली. समीक्षक म्हणून भारतीय कथनपरंपरेवरचं त्यांचं काम महत्त्वाचं आहे: आपल्या गोष्टी सांगण्याच्या रीती पाश्चात्त्य मापांनी मोजू नयेत, हा त्यांचा आग्रह. साहित्य अकादमीच्या मध्ययुगीन भारतीय साहित्याच्या संकलनाचे ते मुख्य संपादक होते.

साहित्य अकादमी पुरस्कार, पद्मश्री आणि सरस्वती सन्मान मिळाले. 2006 मध्ये तिरुवनंतपुरमला निधन झालं. वाचायला घ्यायचं असेल तर आधी छोट्या कविता घ्या, 'कुरुक्षेत्रम्' नंतर.