चाच्यांचा मूकपट दाखवण्याआधी

प्रिय मित्रास,

कॉलेजात दाखवायला हॅरल्ड लॉइडचा 1919 सालचा ‘कॅप्टन किड्स किड्स’ निवडलास, छान केलंस. दोन रिळांचा मामला, त्यात स्वप्नातलं बायकांचं चाचे-जहाज, पोरं हसतील. पेटी-तबल्याचं नंतर बघू, आधी वेग ठरव.

35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी (फ्रेम). दोन रिळं म्हणजे साधारण 2000 फूट. सेकंदाला 16 चौकटींनी ती 33 मिनिटं चालतात, 20 ने पावणेसत्तावीस, 24 ने जेमतेम सव्वाबावीस. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा, एका फेऱ्यात 8 चौकटी. विनोदी पटांत धावपळ आली की कॅमेरामन मुद्दाम हळू फिरवायचा, म्हणजे पडद्यावर माणसं सुसाट पळतात. म्हणून पाठलाग बघून वेग लावू नकोस. पाठलाग खराखुरा दिसेपर्यंत वेग उतरवलास, तर बाकीचा सिनेमा पेंगायला लागेल. कुणी निवांत जिना चढतंय, कापड खाली पडतंय, पाणी ओतलं जातंय अशी जागा शोध आणि तिथे वेग जुळव. बहुधा 20 च्या आसपास येशील.

तुझ्याकडची फाइल आधी तपास. व्हीएलसी प्लेयरमध्ये ‘ई’ दाबून चौकट-चौकट पुढे जा. दर तिसरी चौकट दोनदा येत असेल, तर कुणीतरी 18 चा वेग 24 मध्ये ताणून बसवलाय; तिला आणखी हळू करू नकोस. एकही चौकट दोनदा येत नसेल आणि फाइल 24 ची असेल, तर 0.83 पटीने चालव, म्हणजे 20 मिळतात.

आता पाट्या, म्हणजे दृश्यांच्या मध्ये येणारा इंग्रजी मजकूर. त्याचं मराठी करताना ‘पायरेट’ला ‘दर्यावर्दी’ लिहू नकोस, तो तर कुठलाही खलाशी झाला. ‘चाचा’ बरोबर, पण एकवचनात पोरांना हिंदीतला काका आठवतो आणि भलत्या जागी हशा पिकतो. ‘समुद्री चाचा’ लिही किंवा अनेकवचनात राहा. नावातली किड-किड्सची कोटी मराठीत येत नाही, नाव तसंच ठेव. (खऱ्या कॅप्टन किड नावाच्या चाच्याने 1698 च्या जानेवारीत मलबार किनाऱ्याजवळ ‘क्वेडा मर्चंट’ हे जहाज लुटलं आणि त्याचे चटके सुरतेत इंग्रज कंपनीला बसले. प्रास्ताविकात एवढं पुरे. कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणायचे, पण तो विषय काढलास तर सिनेमा राहील बाजूला.) मराठी ओळ मूळ पाटीच्या आधी एक क्षणही येता कामा नये, विनोद फुटतो.

वादकांचा कागद घड्याळावर बेतू नकोस, पडद्यावरच्या खुणांवर बेत: ‘बोट दिसली’, ‘चाचे आले’. दृश्य दोन सेकंद मागेपुढे झालं तरी गाडी रुळावर राहते. प्रत्येक आपटण्यावर तबल्याची थाप नको. तीनदा झाली की चौथ्यांदा कुणी हसत नाही. मोठ्या आपटीआधी पेटी थांबू दे. द्रुत लय पहिल्याच धावपळीत उधळली, तर शेवटी हातात काही उरत नाही.

भारतात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी संपतो, पण फाइलवर नव्याने चढवलेल्या संगीताचा हक्क वेगळा असतो. तो ट्रॅक बंदच कर.

पेटीवाल्याच्या कागदावर छोटा दिवा लाव, पण त्याचं तोंड पडद्याकडे नको. नाहीतर रात्रीची दृश्यं करडी दिसतील.