अतिमासेमारी आणि मुंबईचे गिऱ्हाईक: मासे सोडावेत का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, अतिमासेमारीवरचा एक माहितीपट पाहून घरातले सगळेच अस्वस्थ झाले आहेत. तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा मासे खाणाऱ्या मुंबईतल्या कुटुंबाने मासे सोडून द्यावेत का, आणि एका घराने काही केल्याने समुद्राला फरक पडतो का. मी काही वर्षे एका मच्छीमार सहकारी संस्थेचे हिशेब पाहत होतो, आणि मासे तर दात आल्यापासून खात आलो आहे. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

माझ्या मते मासे सोडू नयेत. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला उतरणाऱ्या मालाला गिऱ्हाईक एकटी मुंबई नाही. त्यातला बराचसा निर्यातीला जातो आणि बराचसा फिशमीलच्या, म्हणजे मासळी दळून खाद्याची भुकटी करण्याच्या, कारखान्यात जातो. आपण बाजारातून उठून गेलात तर त्या दोन गिऱ्हाइकांना काहीच फरक पडणार नाही. नुकसान होईल ते दाराशी पाटी घेऊन येणाऱ्या किंवा नाक्यावर बसणाऱ्या मावशींचे. शिवाय, माशाकडे पाहून, विचारून, नाकारून घेणारे गिऱ्हाईक बाजारातून कमी होईल, आणि समुद्राच्या बाजूने बोलणारे गिऱ्हाईक तर तेवढेच असते. त्यामुळे खाणे थोडे कमी करावे, पण मुख्यतः निवड बदलावी, आणि त्या निवडीत माशाचा आकार सर्वात आधी पाहावा.

आकारच का, हे हिशेबाच्या भाषेत सांगतो. समुद्रातला साठा ही ठेव मानली, तर दरवर्षी नव्याने वाढणारी मासळी हे तिचे व्याज आहे. अतिमासेमारी म्हणजे व्याज संपवून मुद्दलाला हात घालणे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मोजणीनुसार १९७४ मध्ये जगातील सुमारे १० टक्के साठे असे मुद्दलातून उपसले जात होते. २०२१ पर्यंत ते प्रमाण ३७.७ टक्क्यांवर गेले. आपल्याकडे २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली सागरी मासळी सुमारे २.०१ लाख टन होती, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे तो ४५ वर्षांतला नीचांक होता. त्या वर्षी लागोपाठ वादळे आली होती, त्यामुळे सगळा दोष जाळ्यांवर टाकणे बरोबर नाही. पण ज्या साठ्याचे मुद्दल शाबूत असते तो एखादे वाईट वर्ष सोसतो, हेही तितकेच खरे आहे.

मासा एकदाही अंडी न घालता ताटात आला की मुद्दलच जाते. संस्थेच्या वह्यांत ही गोष्ट रुपयांत दिसत असे. पापलेटाची प्रतवारी वजनावर होते. मोठ्या नगाला किलोमागे जो भाव मिळतो, त्याचा लहानसा हिस्साच चिल्लर मालाला मिळतो. तरीही चिल्लर माल उतरतो, कारण डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार फेरीगणिक द्यावाच लागतो, आणि मोठा मासा न मिळालेल्या फेरीचा खर्च या चिल्लर मालावरच कसाबसा भागतो. म्हणजे आपण स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली दहा-बारा इवलीशी पापलेटे नाखव्याचे डिझेल भागवतात आणि तीच फेरी पुन्हा काढायला बळ देतात. तीच पिल्ले वर्षभर पाण्यात राहिली असती तर त्याच नाखव्याला कितीतरी पट पैसे मिळाले असते, हे त्यालाही ठाऊक असते. पण आपण सोडलेले पिल्लू शेजारची बोट उचलणार असेल, तर एकट्याने कोण सोडेल?

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्यात पापलेटाला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८० आणि सुरमईला ३७० मिलिमीटर अशी मर्यादा आहे. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमासा म्हणून घोषित केले गेले. बाजारात पट्टी घेऊन जायची गरज नाही, आपला हातच पुरतो. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत बहुतेक मोठ्या माणसांचा हात साधारण १८ सेंटिमीटर भरतो. त्याहून आखूड बोंबील घेऊ नये. पापलेटही तळहातातच मावत असेल तर परत ठेवावे. सुरमईसाठी कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंतचे अंतर ३७ सेंटिमीटरच्या आसपास येते. मात्र हे कायद्याचे किमान माप आहे, समाधानाचे नव्हे. सुरमई पहिल्यांदा अंडी घालते तेव्हा ती दोन फुटांहून मोठी झालेली असते. म्हणून अख्खी लहान सुरमई स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, आणि मोठ्या सुरमईच्या चार तुकड्यांवर भागवावे.

हे मावशींना सांगावे कसे, हाही प्रश्न असतो. भाषण देऊ नये. त्या पहाटे लिलावात स्वतःचे पैसे गुंतवून माल उचलतात, आणि समुद्रात काय चालले आहे ते आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळते. “मावशी, एवढी बारकी नको, पुढच्या वेळी मोठी असली तर ठेवा, दोन पैसे जास्त देईन,” एवढे पुरते, आणि मग खरोखरच दोन पैसे जास्त द्यावेत. ठरलेल्या मावशींकडून वर्षानुवर्षे घेणाऱ्या घराचे म्हणणे त्या लक्षात ठेवतात. दर रविवारी नवा बाजार धुंडाळणाऱ्याचे कोण ठेवणार? हॉटेलात तर बोलणे अधिकच आवश्यक आहे, कारण थाळीत अख्खे पापलेट द्यायचे आणि दरही आवाक्यात ठेवायचा, या दोन अटी जुळवायला लहान पापलेटच लागते. तिथे बांगडा किंवा बोंबील मागवावा.

गाबोळीविषयी, म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांविषयी, लिहिले तर आमच्याच घरातून निषेध होईल, पण लिहितो. गाबोळी भरलेला मासा मुद्दाम शोधून, तिच्यासाठी जादा पैसे देऊन घेण्याची जी आपली हौस आहे, ती विणीच्या माद्यांवरच भाव लावते. जाळ्यात आलेली मादी आता परत जाणार नाही हे खरे, पण मागणी कमी झाली तर त्या हंगामात त्याच थव्यांच्या मागे जाण्याची ओढ कमी होते.

दुसरी गोष्ट विविधतेची. मुंबईचे ताट पापलेट, सुरमई, रावस, हलवा आणि कोळंबी यांवर अडकले आहे, आणि पाहुणे आले की याच्या खाली उतरणे कमीपणाचे वाटते. मांदेली, बोंबील, तारली, बांगडा, ढोमी, वाकट्या, मुडदुशी या मासळ्यांतल्या बऱ्याच लवकर वाढतात आणि लवकर वितात, त्यामुळे उपसा त्या अधिक सोसतात. अर्थात यालाही मर्यादा आहे: केरळच्या किनाऱ्यावर तारली २०१२ मध्ये जवळजवळ ४ लाख टन उतरली होती आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही भरली नाही, त्यात समुद्राच्या बदलत्या तापमानाचा हात होता, तसाच लहान तारलीच्या बेसुमार उपशाचाही. तेव्हा एका माशावरून उठून सर्वांनी दुसऱ्यावर तुटून पडणे हा उपाय नव्हे. मावशींकडे त्या दिवशी जे ताजे आणि भरपूर असेल ते घ्यावे.

उलट काही मासे शक्यतो टाळावेत. मुशी, म्हणजे लहान शार्क, बाळंतिणीला दूध यावे म्हणून आवर्जून देतात, पण मुशीच्या अनेक जाती उशिरा वयात येतात आणि त्यांना पिल्ले मोजकीच होतात. शिंगाळ्याचा (समुद्री कॅटफिशचा) प्रकार तर विलक्षण आहे: त्याचा नर अंडी आणि नंतर पिल्ले स्वतःच्या तोंडात सांभाळतो, आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. असा थवा पर्ससीनच्या, म्हणजे थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्याच्या, वेढ्यात सापडला की एका ओढीत दोन पिढ्या जातात. पश्चिम किनाऱ्यावर पर्ससीन आल्यानंतर शिंगाळा झपाट्याने कमी झाला, त्यामागचे हे एक ठळक कारण मानले जाते.

मासा कुठल्या जाळ्याचा, हेही विचारावे. गळाने किंवा मोठ्या आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्याने धरलेला मासा ट्रॉलच्या मालापेक्षा बरा, कारण ट्रॉलचे जाळे तळ खरवडत जाते आणि कोळंबीबरोबर नको असलेले बरेच काही उचलते. तरी लहान होडी म्हणजे निष्पाप, असा भाबडा समज करून घेऊ नये. प्रवाहात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या डोल जाळ्याच्या बारीक आसाच्या टोकातही पापलेटाची पिल्ले अडकतात. इंग्रजी संकेतस्थळे अशा वेळी पाकिटावर शाश्वत मासेमारीचे निळे चिन्ह पाहायला सांगतात. भारतात ते प्रमाणपत्र प्रथम २०१४ मध्ये केरळातील अष्टमुडीच्या शिंपल्यांना मिळाले. माहीमच्या किंवा दादरच्या बाजारातल्या पाटीवर ते शोधण्यात अर्थ नाही.

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या लोटत आला आहे, आणि बंदी तिथपर्यंत असावी ही मागणी मच्छीमारांमधूनच वारंवार होते. या दोन महिन्यांत ताज्या पापलेटाचा हट्ट सोडावा. सुके बोंबील, सोडे, सुकट, वाकट्या यांची बेगमी कोळणींकडूनच मे महिन्यात करावी, रोहू-कटला आहेतच. हे गोड्या पाण्यातले मासे मुख्यतः वनस्पती आणि प्लवकांवर वाढतात, म्हणून तळ्यातला मासा म्हणून ते खरोखर समुद्राचा भार हलका करतात. तळ्यातली कोळंबी किंवा परदेशातून येणारा सामन (सॅमन) मासा यांच्याबाबतीत तसे म्हणता येत नाही, कारण त्यांच्या खाद्यात फिशमील असते, आणि ते समुद्रातल्या लहान माशांचेच बनते.

इथे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे, आणि ते फारसे सुखावह नाही. आपण नाकारलेले पिल्लू बर्फात थांबत नाही; त्याला फिशमीलचा कारखाना गिऱ्हाईक असतोच, भाव तेवढा पडतो. भाव पडल्याने लोभ कमी होतो, पण थांबत नाही. तो थांबवायला जाळ्याचा आस आणि बोटींची संख्या यांवरचे नियम लागतात, आणि ते आपल्याकडे कागदावर बऱ्यापैकी आहेत. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यातील दंड वाढवले गेले. पर्ससीनवर २०१६ मध्ये कडक निर्बंध आले. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्याला केंद्राने २०१७ मध्ये मनाई केली. २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोननेही पाळत सुरू झाली. उणीव आहे ती अंमलबजावणीची, आणि तिच्यासाठी ओरडणारे बहुतेक एकटे पारंपरिक मच्छीमारच असतात. पर्ससीन किंवा एलईडीविरुद्ध त्यांचे आंदोलन झाले की शहरातला मासेखाऊ माणूस ती बातमी ‘त्यांचे आपसातले भांडण’ म्हणून उलटून टाकतो. माझ्या मते एका घराच्या हातात असलेली सर्वात मोठी गोष्ट इथे आहे: आपल्या आमदाराला, मत्स्यव्यवसाय खात्याला ग्राहक म्हणून पत्र लिहावे, किमान आकाराची तपासणी बंदरावरच का होत नाही असे विचारावे, आणि मच्छीमार संस्थांच्या निवेदनावर सही मागितली तर करावी. मतदारसंघ किनाऱ्यावर नसला तरी मासे तिथेही खाल्ले जातात.

शेवटी ॲपवरून मासे मागवण्याविषयी, कारण आपल्या प्रश्नात त्याचाही उल्लेख आहे. साफ करून, तुकडे करून आलेल्या पाकिटात मुख्य गोष्टच दिसत नाही, ती म्हणजे अख्खा मासा केवढा होता. सुरमईच्या पोटाकडच्या तुकड्याची रुंदी पाहावी. तो दोन-तीन बोटांत संपत असेल तर मासा लहानच होता. कोळंबीच्या पाकिटावर ती तळ्यातली आहे की समुद्रातली हे लिहिलेले असते, पण कोणत्या किनाऱ्याची आणि कोणत्या जाळ्याची हे सहसा नसते. तक्रारीच्या रकान्यात दर वेळी हेच विचारावे: अख्ख्या माशाचे वजन किती होते, आणि तो कोणत्या बंदरावर उतरला. उत्तर आले नाही, तर ती मागणी मावशींकडे वळवावी. निदान तिथे मासा अख्खा समोर असतो आणि हात लावून मोजता येतो.