कोळशाच्या स्मोकरवर (धुरावर मंद आचेत मांस शिजवणाऱ्या भट्टीवर) रात्रभर ब्रिस्केट, म्हणजे गोमांसाचा छातीकडचा मोठा तुकडा, ठेवायचं आहे. वायरलेस थर्मामीटर पुरेल, की तापमान सांभाळणारा पंखाही घ्यावा?

रात्री निवांत झोपायचं असेल तर पंखाही घ्याच, कारण थर्मामीटर तापमान घसरल्याचं नुसतं कळवतो. उठून हवेची झडप तुम्हालाच उघडावी लागते. मी सिरॅमिक कामाडोवर (जाड भिंतींच्या, झाकणाच्या अंडाकृती भट्टीवर) पंखा लावूनच ब्रिस्केट करतो. पंखा चालवणारा कंट्रोलर जाळीवरच्या प्रोबचं (तापमान मोजणाऱ्या सळईचं) तापमान बघतो, ते ठरवलेल्या आकड्याच्या (साधारण २२५–२५० फॅरनहाइट) खाली गेलं की खालच्या झडपेतून निखाऱ्यांना हवा देतो आणि आकडा गाठला की थांबतो. म्हणूनच प्रोब कुठे लावता याला फार महत्त्व आहे. मांसाला चिकटला तर तो थंड आकडा दाखवतो, पंखा फुंकतच राहतो आणि आग भडकते. क्लिपने जाळीवर लावा, मांसापासून दोनेक इंच लांब. झाकण उघडतानाही पंखा आधी बंद करा, नाहीतर तेच होतं.

मांसातला प्रोब १५०–१७० च्या आसपास तासन्‌तास अडकला तर घाबरून आच वाढवू नका. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडताना मांस थंड ठेवतं, म्हणून आकडा थांबतो. पुढे २०० च्या आसपास प्रोब लोण्यात शिरल्यासारखा आत गेला की झालं.

एक लक्षात घ्या: पंखा हवा वाढवू शकतो, रोखू शकत नाही. झाकणाच्या किंवा दाराच्या फटीतून हवा आत येत असेल तर तापमान चढतच राहील. तिथे आधी उष्णता सोसणारी सीलपट्टी लावा, मग पंख्यावर खर्च करा.