मॉरिस ब्यूकाय या फ्रेंच डॉक्टरनं कुराण आणि विज्ञान यांचा मेळ सिद्ध केला, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की या डॉक्टरला फॅरोच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजाच्या, ममीत मीठ सापडलं आणि त्यावरून, कुराणात सांगितल्याप्रमाणे, फॅरो समुद्रात बुडाला हे सिद्ध झालं. हा निरोप मला दर रमजानात येतो, बहुतेक वेळा आमच्या धाकट्या मामूंकडून. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते आणि नमाजही पढते, त्यामुळे दोन्हीकडचे लोक मलाच धरतात.

ब्यूकाय खरेच होते. पोटाच्या विकारांचे डॉक्टर. कुराण मुळातून वाचायचं म्हणून अरबी शिकले, आणि १९७६ साली बायबल, कुराण आणि विज्ञान यांची तुलना करणारं त्यांचं पुस्तक आलं. बायबलात विज्ञानाच्या चुका आहेत, कुराणात नाहीत, हा त्याचा गाभा. पुस्तक मुस्लिम जगात प्रचंड खपलं.

आता मीठ. ममी करताना देह सुकवायला नॅट्रॉन वापरायचे, म्हणजे एक नैसर्गिक क्षारच. बुडालेला असो की अंथरुणात गेलेला, ममीत मीठ सापडायचंच. ब्यूकाय यांच्या मते बुडालेला फॅरो म्हणजे मेर्नेप्ताह. त्याची ममी १८९८ साली इजिप्तमधल्या राजांच्या खोऱ्यातल्या एका थडग्यात मिळाली, आणि तिच्यासोबत आणखी कितीतरी राजांच्याही. मग टिकलेला देह त्याच्या एकट्याची खूण कसा? शिवाय या दाव्यामागची आयत, कुराणाच्या सूरह यूनुस या अध्यायातलं वचन (१०:९२), एवढंच म्हणते की आज आम्ही तुझा देह वाचवू, म्हणजे मागून येणाऱ्यांसाठी तू खूण होशील. जुन्या भाष्यकारांनी याचा सरळ अर्थ लावला होता: फॅरो मेला यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून समुद्रानं प्रेत वर टाकलं. ममीपर्यंत जायची त्यांना गरज पडली नाही.

माझ्या विषयाच्या जवळचं प्रकरण कीथ मूर यांचं. टोरांटोचे हे प्राध्यापक, त्यांच्या भ्रूणविज्ञानाच्या पुस्तकावर आमच्या पिढ्या पोसल्या. १९८०च्या सुमारास सौदीत त्यांनी सूरह अल-मूमिनूनमधले टप्पे (२३:१२-१४) आधुनिक भ्रूणविज्ञानाशी जुळवून दाखवले. नुत्फा म्हणजे थेंब, मग अलका, मग मुद्गा म्हणजे चावलेल्या मांसासारखा गोळा, मग हाडं, मग हाडांवर मांस. जुन्या भाषांतरांत अलका म्हणजे रक्ताची गुठळी. पण गुठळीची अवस्था भ्रूणाला नसतेच, म्हणून मूर यांनी त्याच शब्दाचा दुसरा अर्थ उचलला, जळू, आणि साधारण चोविसाव्या दिवसाच्या भ्रूणाशेजारी जळूचं चित्र ठेवलं. दिसतं खरं सारखं. तरी अरबीत त्या शब्दाच्या मुळाचा अर्थ चिकटणं, लोंबणं. आपणही 'जळूसारखा चिकटला' म्हणतोच. गर्भाशयाला काहीतरी चिकटून वाढतं, हे समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

हाडं आणि मांसापाशी तर गाडी अडतेच. हातापायांत कूर्चेचा (कार्टिलेजचा) साचा आणि स्नायूंचे गोळे साधारण एकाच सुमाराला, सहाव्या-सातव्या आठवड्यात, तयार होतात; साच्याचं हाड व्हायला त्यानंतर सुरुवात होते. आधी हाडं, मग त्यांवर मांसाचा लेप, असं मी परीक्षेत मान्य करणार नाही. आणि भ्रूणाचे टप्पे पाडणं सातव्या शतकात नवं नव्हतं, प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेननं दुसऱ्या शतकातच चार टप्पे लिहून ठेवले होते.

माझी तक्रार आयतीशी नाही, जुळवणीच्या पद्धतीशी आहे. ती नेहमी उलटी चालते: आधी प्रयोगशाळेत शोध लागतो, मग शब्द ताणून त्यावर बसवतात. आयत वाचून कुणी पुढचा शोध लावला, असं एकही उदाहरण मला कुणी दिलेलं नाही. उद्या भ्रूणविज्ञानानं मत बदललं तर काय, शब्द पुन्हा ताणायचा? चौदाव्या शतकात अंदलूसच्या (मुस्लिम स्पेनच्या) अल-शातिबीनं, पक्क्या धर्मपंडितानं, कुराणात सगळी शास्त्रं शोधणाऱ्यांना खडसावलं होतं. ज्यांच्यासमोर ते उतरलं त्या पहिल्या लोकांनी त्यातून असलं काही काढलं नव्हतं, हा त्याचा मुद्दा.

मेळच पाहायचा असेल तर इब्न अल-नफीस पाहा. तेराव्या शतकातला, दमास्कसमध्ये शिकलेला, कैरोत वैद्य आणि शाफई फिक्हचा, म्हणजे इस्लामी कायद्याच्या एका परंपरेचा, शिक्षकही. हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं, असं गॅलेन म्हणून गेला होता आणि हजार वर्षं सगळे मान डोलावत होते. १२४२ साली, वयाच्या तिशीच्या आत, यानं लिहिलं की पडदा जाड आहे, त्यात दिसणारी नाहीत आणि न दिसणारीही छिद्रं नाहीत. रक्त फुप्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि डावीकडे परततं. रक्ताभिसरण मांडणाऱ्या इंग्रज वैद्य हार्वेचा ग्रंथ १६२८चा. इब्न अल-नफीसचं हे हस्तलिखित मात्र पडून राहिलं, ते १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागलं. लक्षात घ्या, पडद्याला छिद्रं नाहीत हे सांगताना या फकीहनं (धर्मकायद्याच्या पंडितानं) आयत पुढे केली नाही, हृदयाची रचना पुढे केली. मरताना घर आणि पुस्तकं कैरोच्या मन्सूरी इस्पितळाला देऊन गेला.

मामूंना ही गोष्ट मागल्या रमजानात पाठवली होती. उत्तरादाखल अंगठा आला, आणि दोन दिवसांनी पुन्हा ममी.